पटावरची तीन राज्ये

बुद्धिबळाच्या खेळास चीनमध्ये एक भावंड आहे आणि त्या भावंडाच्या पटाच्या मधोमध एक नदी वाहते, ही गोष्ट बुद्धिबळ खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते. 'श्यांगछी' हे त्या खेळाचे नाव. दोन्ही पक्षांच्या मुलुखांमध्ये जो रिकामा पट्टा सोडलेला असतो, त्यावर एकीकडे 'छूची नदी' आणि दुसरीकडे 'हानची सीमा' अशी अक्षरे लिहिलेली आढळतात. इ. स. पूर्व २०६ ते २०२ या काळात श्यांग यू आणि ल्यू बांग या दोन सेनानींनी चीनच्या स्वामित्वासाठी जो झगडा केला, त्याची ही स्मृती होय. ल्यू बांग विजयी झाला. त्याने स्थापिलेले हान घराणे मध्यंतरीचा एक खंड वगळता सुमारे चारशे वर्षे टिकले आणि लयासही गेले. पटावरची ती नदी मात्र अद्याप आटलेली नाही.

जपानी लोकांच्या 'शोगी' नामक खेळात याहून वेगळी एक मौज आहे. तेथे मारलेले मोहरे मरत नाही. ते जिंकणाऱ्याच्या हाती जाते आणि पुढे त्याच्याच बाजूने पटावर उतरते. श्यांगछी व शोगी या दोन्ही खेळांचे मूळ भारतीय चतुरंगात असावे, असे अनेक संशोधक मानतात. तेव्हा सरदारांच्या लढाया पटावर मांडून त्यांत बुद्धी चालविण्याची हौस पूर्व आशियात नवी नाही. नवे आहे ते साधन. गेल्या चार दशकांत हा पट लाकडाचा वा कागदाचा न राहता संगणकाच्या पडद्यावर आला, आणि त्याबरोबर सोंगट्यांना नावे, स्वभाव, भूक आणि निष्ठा प्राप्त झाली.

या परिवर्तनाचा प्रारंभ जपानमधील आशिकागा या गावी झाला. १९७८ साली योइची एरिकावा व त्यांच्या पत्नी केइको यांनी तेथे 'कोएइ' ही संस्था काढली. घराण्याचा मूळ धंदा रंगद्रव्यांचा, आणि तो तेव्हा मंदीत होता. तिसाव्या वाढदिवशी पत्नीने भेट दिलेल्या संगणकावर एरिकावा यांनी प्रथम हिशेबाचे काम केले, आणि मग फावल्या वेळात खेळ रचावयास आरंभ केला. १९८१ साली 'कावानाकाजिमाची लढाई' हा त्यांचा खेळ बाहेर पडला. सोळाव्या शतकात ताकेदा शिंगेन व उएसुगी केनशिन या दोन सरदारांमध्ये एकाच पठारावर पुनःपुन्हा झालेल्या झुंजीचा तो विषय होता. १९८३ साली 'नोबुनागाची महत्त्वाकांक्षा' आणि १९८५ साली 'सांगोकुशी' म्हणजे 'तीन राज्यांची बखर' हे खेळ आले. या दोन मालिकांची परंपरा आजतागायत चालू असून दुसरीतील चौदावा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. एरिकावा हे या खेळांवर 'शिबुसावा कोऊ' असे टोपणनाव घालतात. त्यातील पहिला शब्द जपानच्या आधुनिक उद्योगधंद्यांचे जनक मानले जाणारे शिबुसावा एइइची यांच्या नावावरून घेतलेला आहे. युद्धाच्या खेळास एका उद्योगपतीचे नाव लाभावे, हे वरकरणी विचित्र वाटते. परंतु खेळाची घडण पाहिली म्हणजे त्यातील औचित्य ध्यानात येते.

ती घडण समजण्यासाठी त्यामागील इतिहास थोडक्यात जाणून घेतला पाहिजे. चीनमध्ये इ. स. १८४ मध्ये पिवळे फडके डोक्यास बांधलेल्या शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. तो मोडण्यासाठी हान दरबाराने प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांस फौजा उभारण्याची मोकळीक दिली आणि उठाव मोडल्यावर त्या फौजा विसर्जित झाल्या नाहीत. १८९ मध्ये दोंग झुओ या सेनानीने राजधानी व बालसम्राट दोन्ही हस्तगत केली. पुढे प्रत्येक प्रांत एकेका सरदाराची दौलत बनला. या गोंधळातून उत्तरेस त्साओ त्साओ, आग्नेयेस सुन घराणे आणि पश्चिमेस ल्यू बेई असे तीन सत्ताधारी वर आले. २२० मध्ये हान घराणे संपले, तिन्ही राज्ये परस्परांशी झगडत राहिली आणि अखेर २८० मध्ये तिघांपैकी एकाच्याही वारसास यश न मिळता 'जिन' या चौथ्याच घराण्याने चीन एक केला.

जपानमधील कथा बाराशे वर्षांनंतरची आहे. १४६७ ते १४७७ या काळातील ओनिन युद्धाने शोगुनची सत्ता पोकळ झाली आणि 'डाइम्यो' म्हणविणारे सरदार आपापल्या मुलुखाचे राजे बनले. त्यांपैकी ओदा नोबुनागाने १५६० मध्ये ओकेहाझामा येथे आपल्याहून कितीतरी मोठ्या सैन्याचा पराभव केला आणि राजधानी क्योतोपर्यंत मजल मारली. १५८२ मध्ये आकेची मित्सुहिदे या त्याच्याच सरदाराने त्याला होन्नोजी मंदिरात घेरले आणि नोबुनागाने तेथे आत्मघात केला. त्याचे अपुरे कार्य तोयोतोमी हिदेयोशीने १५९० मध्ये पूर्ण केले. त्याचे फळ मात्र १६०० मधील सेकिगाहाराच्या लढाईनंतर तोकुगावा इएयासूच्या घराण्याने चाखले.

आता खेळाकडे वळावे. खेळणारा आरंभी एक सरदार निवडतो. पडद्यावर देशाचा नकाशा असतो. १९८३ च्या पहिल्या 'नोबुनागा' खेळात मध्य जपानचे केवळ १७ प्रांत होते, पुढील खेळांत तो पट देशभर पसरला. प्रत्येक पाळीस खेळणाऱ्याने आपल्या मुलुखाविषयी काही आज्ञा द्यावयाच्या, मग इतर सरदारांच्या वतीने संगणक आपल्या चाली करतो आणि काळ पुढे सरकतो. नवशिक्याची पहिली आज्ञा बहुधा स्वारीची असते आणि त्याचा पहिला पराभवही बहुधा त्याच आज्ञेने ओढवतो. कारण या खेळात सैन्य हे एक मोठे तोंड आहे. त्याला महिनोन्महिने धान्य लागते. धान्य शरदाच्या सुगीत येते. सुगी जमिनीच्या मशागतीवर, नदीच्या बांधबंदिस्तीवर आणि रयतेच्या संतोषावर अवलंबून असते. बांधाकडे दुर्लक्ष केले तर पूर येतो, कर फार वाढविला तर उठाव होतो आणि कोठार रिते झाले तर शत्रूने बाण सोडण्याच्या आधीच शिपाई पळू लागतात. ज्यास तलवारीचा खेळ समजून हाती घेतले, तो वस्तुतः कारभाराचा खेळ आहे, हे खेळणाऱ्यास असे उमगते. उद्योगपतीच्या नावाचे औचित्य ते हेच.

ही केवळ खेळ रचणाऱ्याची कल्पना नव्हे. इ. स. १९६ मध्ये त्साओ त्साओने श्यूच्यांगभोवतालच्या ओसाड जमिनीवर निर्वासितांस वसविले. त्यांना जमीन व बैल देऊन पिकाचा निम्मा वा त्याहूनही अधिक वाटा सरकारी कोठारात घेण्याचा प्रघात त्याने पाडला. भोवतालचे सरदार धान्याअभावी विरघळत असता त्याचे सैन्य उभे राहिले, त्याचे एक मोठे कारण ही वसाहत होय. इ. स. २०० मध्ये ग्वानदू येथे युआन शाओची अफाट सेना त्याच्यासमोर ठाकली, तेव्हा त्याचे स्वतःचे धान्य संपत आले होते. शत्रूपक्ष सोडून आलेल्या एका सल्लागाराने वूछाओ येथील कोठाराची बातमी दिली. त्साओ त्साओने सुमारे पाच हजार निवडक लोक घेऊन रात्रीच ते कोठार जाळले आणि कोठाराबरोबर युआन शाओचे सैन्यही संपले. २०२० च्या खेळात या तत्त्वास आणखी स्पष्ट रूप दिलेले आहे. तेथे सैन्य आणि त्याचे ठाणे यांना जोडणारी रसदेची वाट शत्रूने तोडली, तर मोठ्यात मोठी फौज दुबळी होते. मराठी वाचकास यात परके काही वाटू नये. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर लढाईस उभे राहण्यापूर्वी मराठ्यांच्या छावणीवर जी उपासमार ओढवली होती, तीही रसदेची वाट तुटल्यामुळेच.

धान्यानंतरचे दुसरे धन म्हणजे माणसे. 'सांगोकुशी' मालिकेत शेकडो ऐतिहासिक व्यक्ती वावरतात आणि प्रत्येकीच्या नावापुढे आकडे असतात. नेतृत्व, शौर्य, बुद्धी, राजकारण, मोहकता हे गुण बहुधा शंभरपैकी मोजलेले असतात. ल्यू बेईचा प्रधान चुगे ल्यांग याची बुद्धी शंभर, तर ल्यू बू या घोडेस्वार वीराचे शौर्य शंभर. खेळणाऱ्याने ज्याचे काम त्यास सोपवावे; बांध बांधण्यास वीर धाडू नये आणि द्वंद्वास पंडित उभा करू नये. पण या साऱ्या आकड्यांहून अधिक डोकेदुखी देणारा आकडा निष्ठेचा असतो. ज्याची कदर होत नाही, ज्यास शत्रूकडून सोन्याचा निरोप येतो किंवा ज्याचा स्वभावच अस्थिर, त्याची निष्ठा खालावते आणि एके दिवशी तो मुलुखासह पलीकडे जातो.

लढाईत पकडलेल्या सरदाराचे काय करावे, हा प्रश्न या खेळात वारंवार उभा राहतो. त्यास सोडावे, मारावे की आपल्या पदरी घ्यावे? शोगीतील पकडलेले मोहरे येथे पुन्हा भेटते, पण एका फरकाने. लाकडी मोहरे निमूट पक्ष बदलते. माणूस नकार देऊ शकतो आणि होकार देऊनही पुढे उलटू शकतो. इतिहासात त्साओ त्साओपुढे हा पेच १९८-१९९ च्या हिवाळ्यात पडला. ल्यू बू त्याच्या हाती जिवंत लागला होता आणि चाकरीस तयार होता. असा योद्धा पदरी असावा हा मोह मोठा होता. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या ल्यू बेईने त्याला ल्यू बूच्या आधीच्या दोन धन्यांची आठवण करून दिली, कारण त्या दोघांचाही घात ल्यू बूनेच केला होता. ल्यू बूला फाशी देण्यात आले. खेळणारे मात्र शंभराच्या आकड्यास भुलून त्याला पुष्कळदा चाकरीस ठेवतात, आणि त्या मोहाची किंमत चुकती करतात.

तिसरे तत्त्व भूगोलाचे आणि मैत्रीचे. ज्याच्या मुलुखास चहूबाजूंनी सीमा आहेत, त्यास प्रत्येक नाक्यावर पहारा ठेवावा लागतो. ज्याच्या पाठीशी डोंगर वा समुद्र आहे, तो थोड्या लोकांत निभावतो. म्हणून जाणते खेळाडू आरंभी एक कोपरा धरतात, एका शेजाऱ्याशी तह करतात आणि दुसऱ्याशीच लढतात. हीच मसलत इ. स. २०७ मध्ये चुगे ल्यांगने ल्यू बेईस दिली होती. उत्तरेस त्साओ त्साओशी तूर्त भिडू नये, आग्नेयेस सुन घराण्याशी सख्य राखावे, मधला जिंग प्रांत व पश्चिमेचा डोंगरांनी वेढलेला यी प्रांत घ्यावा आणि तेथून संधी साधावी, असा तिचा आशय होता. तिची परीक्षा दुसऱ्याच वर्षी झाली. २०८ मध्ये 'तांबडे कडे' या ठिकाणी ल्यू बेई व सुन च्वान यांनी एकत्र येऊन रोगराईने ग्रासलेल्या त्साओ त्साओच्या आरमारास आग लावली आणि त्याला उत्तरेकडे परतविले. या मालिकेतील अनेक खेळांत अग्निप्रयोगापूर्वी वाऱ्याची दिशा पाहावी लागते, ती या लढाईची आठवण होय. परंतु जिंग प्रांत कोणाचा, या वादाने ते सख्य तुटले. २१९ मध्ये सुन च्वानने तो प्रांत घेतला, ल्यू बेईचा बंधुतुल्य सेनापती ग्वान यू त्यात पडला आणि सूड घेण्यास निघालेल्या ल्यू बेईचा २२२ मध्ये दारुण पराभव झाला. पुढे चुगे ल्यांगने डोंगर ओलांडून उत्तरेवर वारंवार स्वाऱ्या केल्या. रसद वाहण्यासाठी 'लाकडी बैल' नावाची गाडी योजली, तरी धान्य पुरेना. २३४ मध्ये रणभूमीवरील छावणीतच त्याचा अंत झाला. बुद्धीचे शंभर गुणही डोंगरातल्या वाटेवर धान्याचे पोते पुढे ढकलू शकले नाहीत.

येथे एक शंका उपस्थित होते. हे गुण ठरविले कोणी? त्यांचा पाया दुहेरी आहे. तिसऱ्या शतकात छन शोउ या इतिहासकाराने तीन राज्यांचा वृत्तान्त लिहिला. तो प्रथम ल्यू बेईच्या राज्यात आणि नंतर जिन घराण्याच्या पदरी अधिकारी होता. त्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी, चौदाव्या शतकातील लुओ ग्वानचोंग याच्या नावावर मोडणारी प्रसिद्ध कादंबरी आली. तिने ल्यू बेईस धर्मराज केले, त्साओ त्साओस कपटी खलपुरुष ठरविले आणि चुगे ल्यांगकडून पूर्वेचा वारा वाहविला. जपानी वाचकांस ही कथा एइजी योशिकावा यांच्या १९३९ ते १९४३ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीने आणि पुढे मित्सुतेरू योकोयामा यांच्या चित्रकथेने घरोघर परिचित झाली. खेळातील आकड्यांवर इतिहासापेक्षा कादंबरीची छाया अधिक आहे. तथापि एका गोष्टीत खेळाने कादंबरीवर मात केली आहे. जो त्साओ त्साओ होऊन खेळतो, त्याला बांध बांधावे लागतात, रयत वसवावी लागते, गुणी माणसे हेरावी लागतात. आणि नाटककादंबऱ्यांनी काळा रंगविलेला हा पुरुष एक समर्थ शासक व कवीही होता, हे इतिहासातील सत्य त्याला अधिक सहजपणे पटते. 'क्रिएटिव्ह असेंब्ली' या इंग्लिश संस्थेने २००० साली जपानी सरदारांवर 'शोगुन' हा खेळ काढला होता. तिच्याच २०१९ च्या तीन राज्यांवरील खेळात ही दुविधा उघडपणे मान्य करण्यात आली. तेथे खेळणाऱ्यास 'कादंबरी' व 'इतिवृत्त' असे दोन मार्ग दिलेले आहेत. पहिल्यात एकेक वीर शेकडोंस भारी पडतो, दुसऱ्यात तोही आपल्या अंगरक्षकांच्या तुकडीतला एक मर्त्य माणूस असतो.

परंतु या खेळांची खरी मर्यादा यापलीकडे आहे. पडद्यावर रयत हा एक आकडा असतो. स्वारीत तो घटतो, धान्य वाटले की पुन्हा वाढतो. इतिहासातील आकडे इतके आज्ञाधारक नसतात. इ. स. १५७ मध्ये हान दरबाराच्या नोंदीत सुमारे ५ कोटी ६४ लाख लोक होते. २८० मध्ये एकीकरणानंतर झालेल्या गणतीत सुमारे १ कोटी ६१ लाख नोंदले गेले. मधली सारी माणसे मेली असे नव्हे. पुष्कळ लोक परागंदा झाले, पुष्कळ बड्या घराण्यांच्या आश्रयास जाऊन सरकारी वहीतून नाहीसे झाले. तरीही दुष्काळ, रोगराई व कत्तल यांत किती घरे विझली असतील, याची कल्पना या दोन आकड्यांतील अंतरावरून यावी. ज्या सरदारांच्या नावे खेळणारे आज विजय मिळवितात, त्यांच्या कीर्तीचे हे देणे होते आणि ते फेडणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणाचेही नाव उरलेले नाही.

खेळाचा शेवटही असाच विचार करण्याजोगा आहे. नकाशावर एकच रंग पसरला की देश एक झाला आणि डाव संपला, असे खेळ सांगतो. इतिहासात डाव तेथे संपला नाही. जपान एक केल्यावर दोनच वर्षांनी, १५९२ मध्ये, हिदेयोशीने आपली लढाईस सोकावलेली फौज कोरियावर सोडली. १५९८ मध्ये तो मरेपर्यंत ते युद्ध धुमसत राहिले. क्योतो शहरात आजही 'मिमिझुका' म्हणजे 'कानांची टेकडी' दाखवितात. नाव कानांचे असले तरी तिच्याखाली कोरियात मारलेल्या हजारो लोकांची कापून आणलेली नाके पुरलेली आहेत. चीनमधील जिन घराण्याची एकीही फार काळ टिकली नाही. २९१ पासून त्या घराण्यातील राजपुत्रच आपसांत लढू लागले. विजयाच्या संगीतानंतर पडदा काळोखतो, म्हणून खेळणाऱ्यास ही पुढची पाने दिसत नाहीत.

मग हे खेळ त्याज्य मानावेत काय? तसे मानण्याचे कारण नाही. राज्य तलवारीच्या टोकावर नव्हे तर धान्याच्या कोठारावर उभे असते, गुणी माणूस मिळविण्यापेक्षा राखणे अवघड असते, मित्राशी केलेला तह शत्रूवरील विजयाइतकाच मोलाचा असतो, या गोष्टी पुस्तकात वाचून जितक्या ठसत नाहीत तितक्या स्वतःच्या चुकीने एक प्रांत गमावल्यावर ठसतात. इतिहास दुसऱ्या वाटेनेही गेला असता, हे त्यांतून समजते आणि जे घडले ते अटळच होते या भाबड्या समजुतीस धक्का बसतो. मात्र त्यांतून मिळते ती सरदाराची दृष्टी. ती उंच टेकडीवरून पाहणाऱ्याची दृष्टी आहे. त्या उंचीवरून फौजा दिसतात, शेते दिसतात, पण शेतात राबणारा माणूस दिसत नाही. ज्या घरी मुले या खेळांत रमतात, तेथील वडीलधाऱ्यांनी खेळ हिसकावून घेण्याऐवजी त्याच्या शेजारी त्या काळचा इतिहास ठेवावा, आणि घटलेला रयतेचा आकडा म्हणजे काय, एवढा एकच प्रश्न मधूनमधून विचारावा. त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलेला मुलगा वा मुलगी सरदारांच्या कथेतून माणसांच्या इतिहासाकडे वळल्यावाचून राहणार नाही.